आधी रॅकमध्ये काय आहे ते तर कळू दे

शुक्रवार, रात्रीचे पावणेबारा

महापेच्या डेटा सेंटरमधून आत्ता घरी आलोय, जेवण झालं पण झोप येत नाहीये म्हणून लिहून ठेवतो. नवीन सर्व्हरवर ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायला कुठलं ओपन सोर्स टूल घ्यायचं, हे ठरवायचं काम गेले तीन आठवडे माझ्याकडे आहे. कॉब्लर, फोरमन आणि मास, तिन्ही लावून बघितले.

कॉब्लर हलकं आहे, समजायला सोपं. ज्या मायकेल डीहाननं पुढे २०१२ मध्ये अॅन्सिबल हे सर्व्हर ऑटोमेशनचं टूल आणलं त्याचंच हे आधीचं काम, आणि तो साधेपणा यातही दिसतो. पण आमचा नवा सर्व्हर यूईएफआयवाला, म्हणजे नव्या पद्धतीनं सुरू होणारा, आणि नेटवर्कवर आयपी वाटणाऱ्या डीएचसीपीतून त्याला जुन्या बायोस पद्धतीची, नेटवर्कवरून बूट करायची पीएक्सईलिनक्सची फाईल जात होती, दीड तास काळ्या स्क्रीनकडे बघत बसलो तेव्हा कुठे लक्षात आलं. फोरमन लावायला जड, पण आमच्याकडे अर्धं रॉकी आणि अर्धं उबंटू (दोन्ही लिनक्सच), आपोआप इन्स्टॉल व्हायला एकाला किकस्टार्ट फाईल लागते दुसऱ्याला ऑटोइन्स्टॉल, आणि ही सरमिसळ तो नीट सांभाळतो.

आज मासची पाळी होती. मशीन चालू-बंद करायला त्याला बीएमसीचा (सर्व्हर दुरून हाताळायला त्यात बसवलेल्या छोट्या कंट्रोलरचा) आयपी लागतो, तो मी कुठलं मशीन कुठे आहे याच्या आपल्या एक्सेल शीटमधून उचलला, पॉवर सायकल दिली, म्हणजे बंद करून परत चालू केलं, आणि दोन मिनिटांत फोन आला की टेस्टिंगचा डेटाबेस गेला. पोटात गोळाच आला. क्रॅश कार्ट (स्क्रीन-कीबोर्डची ढकलगाडी) ओढत रॅकपाशी, म्हणजे सर्व्हरच्या उभ्या कपाटापाशी, गेलो, सर्व्हरच्या पुढची सरकती पट्टी बाहेर काढून मोबाईलच्या टॉर्चमध्ये सीरियल नंबर वाचला, तर शीटमध्ये १८ व्या यूवर (रॅकमधल्या खणावर) लिहिलेलं मशीन प्रत्यक्षात २२ व्या यूवर. कधीतरी कोणीतरी हलवलं, शीट तशीच राहिली. डेटाबेस वीस मिनिटांत परत उठला, डेटा गेला नाही, पण तो प्रॉडक्शनचा असता तर?

खरं तर मशीन आधी पीएक्सईवरून (नेटवर्कवरून) बूट होऊ दिलं असतं तर मासनं स्वतःच बीएमसी शोधला असता, तिथं शीटची गरजच नव्हती. घाई माझी.

पण यातून माझं मत पक्कं झालंय. आम्ही सुरुवातच उलटीकडून केली. आधी नेटबॉक्स, म्हणजे कुठे काय आहे याची नोंद ठेवणारं टूल, लावायला हवं होतं. डिजिटलओशन या क्लाउड कंपनीच्या नेटवर्क टीमनं स्वतःच्या गरजेपोटी बनवलं आणि २०१६ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. रॅक, यू, केबल, आयपी सगळं एका जागी, आणि एका यूवर दोन मशीन टाकायला गेलं तर ते सरळ अडवतं, एक्सेल कुठलं अडवतंय! चुकीच्या माहितीवर ऑटोमेशन चालवलं की चूक फक्त जास्त वेगानं होते, आज डोळ्यांनी बघितलं.

सरांनी विचारलं होतं, फुकट आहे ना? लायसन्सही बघावं लागतं, हे त्यांना सांगायचंय. ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म या ऑटोमेशन टूलचं खुलं लायसन्स बदलून बंधनं आली आणि लोकांना त्याच्याच जुन्या खुल्या कोडवरून ओपनटोफू वेगळं काढावं लागलं.

सोमवारी सकाळी रॅकपाशी दोघं जाणार, सहकारी सीरियल वाचणार, मी नेटबॉक्समध्ये टाकणार. चार रॅक आहेत, दोन दिवस लागतील. तोपर्यंत मासला हात लावणार नाही.