ज्याच्या त्याच्या वयाचा तारा: पाटणादेवी ते तोरणमाळ

हा वृत्तांत पौष अमावास्येच्या आदल्या रात्रीचा आहे. माणसं सहा, गाडी एक. चाळीसगावहून निघून पाटणादेवी, मग धुळे, दोंडाईचा, शहादा करत तोरणमाळ, असं अंदाजे सव्वादोनशे किलोमीटर. खालच्या वेळा २० जानेवारीच्या आसपासच्या आहेत. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात, म्हणजे महिन्याला दोन तास. तुमची तारीख वेगळी असेल तर तेवढा हिशेब करून घ्या.

अशा रात्रीला दोन तऱ्हेची माणसं येतात. एक आकाश बघायला येतात. दुसरी येतात कारण घरात काहीतरी पाठ सोडत नाही: स्पर्धा परीक्षेचा चौथा प्रयत्न हुकलेला असतो, वादळात केळीची बाग आडवी झालेली असते, किंवा घरातलं माणूस गेलेलं असतं. पहिल्यांना मोबाईलमधला ताऱ्यांचा नकाशा पुरतो. हे मुख्यतः दुसऱ्यांसाठी.

पाटणादेवी सकाळीच उरकावं. चाळीसगावहून १८ किलोमीटर. हा भाग गौताळा अभयारण्यात येतो, त्यामुळे रात्रीच्या आकाशाचा बेत इथे करू नका. दिवसा मात्र थांबण्यासारखं पुष्कळ आहे. गणिती आणि ज्योतिषी भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे १११४ चा. छत्तिसाव्या वर्षी त्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ पुरा केला. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला, आणि १२०७ साली श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी, निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. नातवाचं, मठाचं आणि दानाचं हे पाटण्याच्या शिलालेखात आहे, आणि तो लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

मुलगी लीलावती, वेळ मोजायच्या घटिकापात्रात पडलेला मोती आणि टळलेला लग्नाचा मुहूर्त ही कथा इथे कुणीतरी सांगतंच. ती अकबराच्या काळातल्या फारसी भाषांतरातून पसरली. भास्कराचार्यांच्या ग्रंथात ती नाही. ग्रंथात आहे तो प्रश्न रात्रीसाठी जास्त कामाचा आहे. सिद्धान्तशिरोमणीच्या गोलाध्याय या भागात ते विचारतात की चहूबाजूंनी आकाश सारखंच असताना ही पृथ्वी पडणार तरी कुठे? तो लक्षात ठेवून गाडीत बसा.

साडेनऊला पाटणादेवी सोडली तर चारपर्यंत तोरणमाळ गाठता येतं, जेवणाची वेळ धरून. दोंडाईचा ते शहादा रस्त्यावर सारंगखेडा लागतं; दत्तजयंतीच्या सुमारास तिथे घोड्यांचा बाजार भरतो आणि रस्ता तुंबतो, तेवढे दिवस टाळा. शहाद्यात पेट्रोल, रोख पैसे, पाण्याचा कॅन आणि रात्रीच्या भाकरी घ्या. पुढे म्हसावद, राणीपूर आणि मग घाट. वरती नेटवर्कवर भरवसा ठेवू नये. नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि घरी ‘उद्या दुपारी फोन करतो’ एवढं सांगून ठेवा, नाहीतर इकडे तुम्ही निवांत आणि तिकडे घरच्यांचा जीव टांगणीला. घाट उजेडी चढायचा. अंधारात वळणावर गुरं दिसत नाहीत.

तोरणमाळची उंची सुमारे १,१५० मीटर. राहण्याची सोय आधी फोन करून पक्की करा आणि खोली घेतानाच बाहेरचा दिवा बंद होतो का ते विचारा. हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि मग रात्रभर त्या एका बल्बवर चिडत बसतात. महाशिवरात्रीची रात्र जवळजवळ बिनचंद्राची असते, म्हणून काही जण तेव्हा येतात. पण तेव्हा गोरखनाथाची यात्रा असते. गाड्या, दिवे, भोंगे सगळं असतं. यात्रेसाठी या, ताऱ्यांसाठी नको. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, त्याचा धूर सातपुड्यावर आठवडेच्या आठवडे राहतो. मेमध्ये धूळ, जूनपासून ढग. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या मधल्या अमावास्या उत्तम.

बसायला जागा अशी निवडा की उत्तर आणि पूर्व मोकळी राहील. दक्षिणेला तापीच्या पट्ट्यातल्या गावांचा उजेड क्षितिजावर पिवळट पसरलेला असतो, त्याला इलाज नाही. शेत कुणाचं आहे ते विचारून, सांगून बसा. जवळ भिल्ल-पावरा वस्ती असते. रात्री सहा अनोळखी माणसं अंधारात पडलेली दिसली तर कुणीही दचकेल. सीताखाई आणि खडकी पॉइंट ही दरीची टोकं आहेत, तिथे अंधारात पाऊल टाकू नये. जंगलात अस्वल आणि बिबट्या आहे, तेव्हा लघवीलाही एकट्याने लांब जायचं नाही.

सामानात सगळ्यात महत्त्वाची वस्तू दहा रुपयांची आहे: पतंगाचा लाल कागद. त्याच्या तीन घड्या करून बॅटरीच्या तोंडावर रबरबँडने बसवा. एका घडीने भागत नाही, पांढरा उजेड झिरपतो. डोळा अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं घेतो आणि मोबाईलचा पडदा एकदा उजळला की ती सगळी मेहनत पाण्यात जाते, कारण अंधारात बघणाऱ्या पेशींमधलं रंगद्रव्य उजेडाने विरतं आणि पुन्हा साचायला वेळ लागतो. लाल उजेडाने ते फारसं विरत नाही. गाडीचं दार उघडल्यावर आतला दिवा लागतो, तोही आधीच बंद करून ठेवा. शेकोटीचा मोह फार होतो. ती पेटवली की आकाश संपलं असं समजा.

खाली ताडपत्री, त्यावर सतरंजी, अंगावर दोन घोंगड्या आणि सगळ्यात वर प्लॅस्टिकचा कागद. वरचा कागद लोक विसरतात आणि दोन वाजता घोंगडी ओली लागते. दव आकाशातून पडत नाही, उघड्यावर गार झालेल्या वरच्या थरावर हवेतली वाफ धरते. थंडीच्या लाटेत इथे दव गोठल्याच्या बातम्या येतात. पॉवर बँक आतल्या खिशात ठेवा, गारठ्यात ती लवकर उतरते. दुर्बीण असेल तर सात किंवा दहा पटीची, पन्नास मिलिमीटर भिंगाची पुरे. भिंगावर दव धरलं तर पुसू नका, स्वेटरच्या आत पाच मिनिटं ठेवा. खायला कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ. शेवभाजी मुक्कामावरच संपवून या. अंधारात रस्सा सांडतो आणि मग मुंग्या.

सूर्य सव्वासहाच्या आत बुडतो, पण पूर्ण काळोख व्हायला साडेसात वाजतात. सुरुवात देवयानीपासून करा, कारण ती पश्चिमेकडे कलत असते. साडेसातला चांगली उंच, दहापर्यंत तीस अंशांच्या खाली. शर्मिष्ठा या तारकासमूहाच्या इंग्रजी एमसारख्या आकृतीवरून तिच्याकडे जाता येतं. थेट रोखून बघितलं तर फारसं काही दिसत नाही. नजर किंचित बाजूला ठेवली की कापसाचा पुसट पिंजल्यासारखा डाग उमटतो, कारण मंद उजेड टिपणाऱ्या पेशी दृष्टीच्या मध्यावर नसतात, कडेला असतात. तो डाग ही आपल्या आकाशगंगेबाहेरची दीर्घिका, म्हणजे असंख्य ताऱ्यांचा वेगळा समूह. तिचा प्रकाश २५ लाख वर्षं वाटेत होता.

या आकड्याने बहुतेकांचं काही होत नाही. फार मोठा आकडा मनाला लागत नाही, घसरून जातो. एका प्रकाशवर्षात ९.४६ लाख कोटी किलोमीटर, असं सांगितलं तरी माणूस ‘हो का’ म्हणून चहा ओततो. म्हणून आठनंतर मृगाचं तिकांडं आणि त्याच्या आजूबाजूचे ठळक तारे घ्या आणि प्रत्येकाला त्याच्या वयाचा तारा शोधायला सांगा. अंतरं साधारण अशी: व्याध ८.६ प्रकाशवर्षं, प्रश्वा साडेअकरा, पुनर्वसूतल्या दोघांपैकी पिवळसर ३४ आणि पांढरा ५१, ब्रह्महृदय ४३, रोहिणी ६५, आणि आठनंतर पूर्वेला वर येणारी मघा ७९. चाळिशी-पंचेचाळिशीच्या माणसाने ब्रह्महृदयाकडे बघायचं: आत्ता डोळ्यात शिरलेला उजेड निघाला तेव्हा तो जन्मायचा होता, पाळण्यात होता, किंवा जेमतेम चालायला लागला होता. विशी-पंचविशीतल्यांची या वेळी पंचाईत होते, जवळपास त्यांचा ठळक तारा नाही. त्यांनी पहाटेची वाट बघायची.

वयाऐवजी घटनाही घेता येते. घरातलं माणूस जाऊन साडेआठ वर्षं झाली असतील, तर व्याधाचा हा उजेड ते माणूस असतानाचा आहे. एवढं सांगून गप्प बसावं. त्यावर कुणाला काही बोलायचं असेल तर ते बोलतील. ‘बघ, एवढ्या विश्वात आपलं दुःख ते काय’ हे वाक्य मात्र या रात्री बंद. ज्याच्यावर कर्ज आहे त्याचं कर्ज देवयानीकडे बघून कमी होत नाही, आणि वरून त्याला वाटतं की आपलं दुःखही कुणी मोजायला तयार नाही.

काहींना पहिल्या तासात आनंद नाही, भीती वाटते. उताणं पडून खूप वेळ वर बघितलं की आपण खाली पडतोय असं वाटतं, पोटात खड्डा पडतो. त्याला उठवून बसवा, पाठीला गाडीचं चाक द्या, हातात गरम पेला द्या आणि उत्तरेला बावीस अंशांवर, म्हणजे हात लांब करून वळलेल्या दोन मुठींहून थोडा वर, ध्रुव दाखवा. न हलणारी एक गोष्ट सापडली की बरं वाटतं. भास्कराचार्यांचा तो प्रश्न इथे काढावा.

अकराच्या सुमारास अगस्ती दक्षिणेला सर्वांत वर येतो, तरी क्षितिजापासून दीड मूठच. ईशान्येला सप्तर्षी, म्हणजे म्हातारीची बाज आणि मागचे तीन चोर, वर येत असतात. साडेअकराला झोपून टाका. जागरणाने डोकं जड झालं की दोन-तीनच्या सुमारास जुनेच विचार दुप्पट काळे वाटतात. ते विश्वाने आणलेले नसतात, झोप नसल्याने येतात. ज्याला जगणंच नकोसं झालंय त्याला अशा दरीकाठच्या ठिकाणी एकट्याने येऊ देऊ नका. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, फुकट आणि मराठीतही चालतो. निघण्याआधीच फोनमध्ये ठेवा.

गजर साडेचारचा. पाचला दक्षिणेच्या क्षितिजाला टेकून त्रिशंकू उभा असतो; त्याचा खालचा तारा पाचच अंशांवर असल्याने तापीकडच्या धुरकटात बहुधा हरवतो. त्याच्या डावीकडे, वीस अंशांवर, दुर्बिणीतून साखरेची चिमूट सांडल्यासारखा नरतुरंगातला तारकागुच्छ. डोक्याजवळ नारिंगी स्वाती, ३७ प्रकाशवर्षं. आणि ईशान्येला झाडांच्या वर नुकताच आलेला अभिजित, २५. पंचविशीतली मंडळी तोपर्यंत घोंगडीत असतात. त्यांना उठवण्याची जबाबदारी आधीच कुणावर तरी टाका. सहाला पूर्व उजळते.

निघण्याआधी यशवंत तलावाच्या काठाने एक फेरी, नारळ आणि मोहरी घेऊन. १४ सेंटिमीटरचा सोललेला नारळ म्हणजे सूर्य. पंधरा मीटरवर, म्हणजे वीसेक पावलांवर, बारीक मोहरीचा दाणा ही पृथ्वी. ७८ मीटरवर छोट्या बोराएवढा गुरू. साडेचारशे मीटरवर नेपच्यून. तिथून मागे वळून बघितलं तर नारळ म्हणजे जेमतेम ठिपका. याच मापाने सर्वांत जवळचा तारा ४,००० किलोमीटरवर, काश्मीर ते कन्याकुमारीहूनही लांब, आणि मधे काही नाही. रात्री जे २५ लाखांनी झालं नाही ते इथे साडेचारशे मीटर चालल्यावर होतं, पाय दुखतात म्हणून. पृथ्वीचा दाणा पांढऱ्या कागदावर ठेवा आणि वर खडा ठेवा. तरी वाऱ्याने जातोच. पुडीत दहा-बारा जास्तीचे असू द्या.