कव्हराची आतली बाजू

आमच्या घरी नवं पुस्तक आलं की वाचायच्या आधी त्याला कव्हर चढे. अप्पा जमिनीवर फतकल मारून बसत. कात्री, खळीची वाटी, कण्यापाशी दोन तिरप्या चिरा, नखाने दाबलेली घडी आणि वर शाईने लिहिलेलं नाव. आम्ही भावंडं मराठी साहित्य ओळखायचो ते अप्पांच्या अक्षरावरून. पुस्तकाला मुखपृष्ठ असतं हे मला कॉलेजात कळलं, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

खाकी कागद विकत आणणं त्यांना उधळपट्टी वाटे. देवघराशेजारी कालनिर्णय असायचं, पण पानाच्या मागेही मजकूर म्हणून ते बाद. त्यांना हवं असे बँकेचं फुकटचं कॅलेंडर, एका बाजूला तारखा आणि दुसरी कोरी. वर्षभर ते स्वयंपाकघरात, मग पुस्तकांवर.

परवा माळा आवरताना कसर लागलेला एक गठ्ठा निघाला. वरच 'दीपावली'चा जुना अंक, आतली पहिली पानं गळालेली, त्यामुळे साल कळेना. ठिसूळ कव्हर हात लावताच सुटलं आणि खाली दीनानाथ दलालांनी रंगवलेली बाई! हा अंक दलालांनी 1945 मध्ये सुरू केला आणि 1971 मध्ये ते गेले, म्हणजे चित्र पन्नासेक वर्षांपूर्वीचं तरी नक्की. पण ऊन लागलेलंच नसल्याने साडीचा काठ काल छापल्यासारखा लाल. दलालांचं मुखपृष्ठ बघून लोक अंक उचलत आणि आमच्या अप्पांनी नेमकं तेच झाकून टाकलेलं. खरं सांगते, रागच आला.

कागदाचा बोळा करणार तोच आतल्या तारखा दिसल्या. ऑगस्ट 1979. चौकोनांत आईचं मुंगीएवढं अक्षर. 'दूध नाही.' 'सिलिंडर लावला.' 14 तारखेला 'ताईला ताप', 15 ला नुसतंच 'ताप', 16 कोरी, 17 ला 'उतरला. दूध 1 लि. जास्त.'

त्या कोऱ्या 16 तारखेपाशी मी बराच वेळ थांबले.

आई कादंबऱ्या वाचत नसे. "तुमच्या पुस्तकांतल्या बायका भाकऱ्या कधी थापतात हो?" असं ती अप्पांना विचारायची. ते हसून खळ ढवळत राहायचे.

त्या दुपारी मी एकही कथा वाचली नाही. एकेक कव्हर सोडवत महिने लावत बसले. मार्चमध्ये पापडांचा हिशेब, जूनमध्ये वह्यांचा, नोव्हेंबरात कुणाला तरी उसने दिलेले 20 रुपये, पुढे फुली. परत आले असावेत. सप्टेंबर मात्र कुठेच मिळेना.

रात्री ताईला फोन केला. तापाचं तिला काहीच आठवत नव्हतं. पण लग्नात अप्पांनी दिलेली ज्ञानेश्वरी तिच्याकडे आहे, कव्हर घातलेली.

"थांब हं," ती म्हणाली, "चष्मा घेऊन येते."