टिकल्यांचं पाकीट आणि खारा वारा

मार्च महिना. वेंगुर्ला तालुक्यातल्या एका काजू कारखान्याच्या मालकांनी मला बोलावलं होतं ते फक्त मास्क निवडायला. "मॅडम, कुठला चांगला तेवढं सांगा, सगळ्या बायकांना एकेक देऊन टाकतो." लहान कारखान्यांत कामगारांच्या आरोग्याची चर्चा बहुतेक वेळा अशी शेवटच्या उपायापासून सुरू होते.

तक्रार ग्रेडिंगवाल्या बायकांची होती. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, संध्याकाळी डोकं ठणकतं. मालकांना ते पटत नव्हतं, आणि का पटत नव्हतं हे मला कळत होतं. काजूच्या धंद्यात त्रास म्हटला की कटिंग, म्हणजे बीचं टरफल फोडायचं काम. टरफलात जे तेल असतं त्यात अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असतात. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, त्यामुळे हे तेलही बिब्ब्यासारखंच अंगावर उततं. कटिंगच्या बायकांची काळी पडलेली, सालपटं निघालेली बोटं कोणालाही दिसतात. ग्रेडिंगवाल्या मात्र पांढऱ्या टेबलाशी पंख्याखाली बसून ३२० नंबरचा गर वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा करतात. त्यांना कसला त्रास?

पुस्तकी मार्ग असा, की पंप लावून हवेचे नमुने घ्या, प्रयोगशाळेत पाठवा, अहवालाची वाट बघा. पण कशाचा नमुना घ्यायचा हेच ठरलेलं नसताना त्यावर पैसे का घालवायचे? ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याने १९९९ साली लहान उद्योगांसाठी एक सोपी पद्धत आणली. पदार्थ किती घातक, किती वापरता, आणि तो हवेत किती सहज उडतो एवढं विचारायचं. त्यावरून चारपैकी एक उत्तर निघतं: मोकळी हवा पुरेल, निघतो तिथेच खेचून घ्या, बंदिस्त करा, किंवा तज्ज्ञाला बोलवा. पुढे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने त्याच धर्तीवर लहान उद्योगांसाठी मार्गदर्शक संच काढला. मला ही पद्धत आवडते, पण ती विकत आणलेल्या, लेबल असलेल्या रसायनांसाठी आहे. बी वाफवायच्या बॉयलरच्या धुराला कोण लेबल लावणार? तिथे कोष्टक बाजूला ठेवून त्यामागचा विचार तेवढा घ्यावा लागतो.

जेवणाच्या सुट्टीत मी तपकिरी कागदावर माणसाची बाह्याकृती काढली, पुढून एक आणि पाठीमागून एक. हाताशी रंगीत स्टिकर नव्हते, म्हणून जवळच्या दुकानातून टिकल्यांची पाकिटं आणवली. लाल टिकली जळजळीला, हिरवी दुखण्याला. "जिथे त्रास होतो तिथे लावा, नाव सांगायचं नाही." आधी नुसतं खिदळणं. मग एका वयस्क बाईने कागदावरच्या माणसाच्या मांडीवर हिरवी टिकली दाबून बसवली, आणि बाकीच्यांचे हात सुटले.

कटिंगच्या कागदावर लाल टिकल्या अपेक्षेप्रमाणे बोटांवर आणि मनगटांवर होत्या. हिरव्या कमरेवर आणि एकाच मांडीवर, कारण कटरचं पॅडल दिवसभर एकाच पायाने मारायचं. ग्रेडिंगचा कागद अगदी वेगळा. हात कोरे, आणि डोळे, नाक, गळा लाल टिकल्यांनी भरलेले.

"कधी होतं हे?" मी विचारलं.

"सकाळी काय नसता, मॅडम. जेवान झाला काय सुरू."

"रोज?"

"रोज. रविवारी घराक असतंय तेव्हा नाय."

सकाळी नाही, दुपारी आहे. म्हणजे जागा तीच, गर तोच, आणि काहीतरी दुपारी येतंय. मी पश्चिमेच्या खिडकीच्या जाळीशी उदबत्ती लावून ठेवली. महागड्या यंत्राइतकं नसलं तरी हवा कुठून कुठे जाते हे उदबत्ती चोख सांगते. धूर आत वळत होता आणि थेट टेबलांवर येत होता. मग पंखे बंद करून, दारं लोटून टॉर्च मारला. टॉर्चचा उजेड आडवा धरून बाजूने पाहिलं की एरवी न दिसणारे कण दिसतात. त्या पट्ट्यात निळसर धुराचे लोट हलत होते. मालक शेजारीच उभे होते. काही बोलले नाहीत, बाहेर जाऊन धुराड्याकडे बघत राहिले.

बॉयलरची शेड ग्रेडिंगच्या हॉलच्या पश्चिमेला. जळण काजूच्या टरफलांचं, म्हणजे तेलासकट, आणि धूर तिखटजाळ. पत्र्याचं धुराडं जेमतेम छपराच्या उंचीचं. सकाळी मतलई वारा जमिनीवरून दर्याकडे जातो, धुरालाही घेऊन जातो. ऊन चढलं की खारा वारा सुटतो आणि सगळा धूर जाळीतून आत. दर्यावर जाणाऱ्याला हे वारे पाठ असतात. शेड बांधणाऱ्याने जागा बघितली, वारा बघितला नाही.

आता उपाय. मास्कने डोळे झाकत नाहीत, हे मालकांना लगेच पटलं. खिडक्या बंद केल्या तर मार्चच्या उकाड्यात बायका बसणार कशा? सोपी वाट कामाच्या क्रमातच होती. वाफवलेली बी लगेच कापत नाहीत, ती पसरून रात्रभर गार व्हावी लागते. म्हणजे बी पहाटे वाफवली काय आणि दुपारी वाफवली काय, कटिंगला ती दुसऱ्याच दिवशी मिळणार. गर वाळवायचा ड्रायर विजेवर चालतो, त्याला बॉयलर लागत नाही. मग पहाटे पेटवा आणि वारा फिरायच्या आत विझवा.

खरी अडचण बॉयलरवाल्याची होती. "पहाटे म्हशीची धार कोण काढतला?" हा प्रश्न कुठल्याच कोष्टकात नसतो. बरीच घासाघीस होऊन ठरलं की त्याने पहाटे यायचं, पगार पूर्ण, आणि दुपारी जेवायला घरी. धार त्याची बायको काढणार. तिला कोणी विचारलं होतं की नाही, हे मात्र मला कळलं नाही. शिवाय ओलं टरफल पेटवायचं नाही, ते उन्हात सुकवूनच भट्टीत घालायचं.

कटिंगसाठी मालकांना रबरी हातमोजे हवे होते. मी नको म्हटलं. पात्याजवळ बोटांची पकड सुटते, आणि फाटक्या मोज्यात तेल शिरलं तर ते दिवसभर कातडीला चिकटून राहतं. बायका एरंडेल लावतातच. पण एक वाटी सगळ्यांत फिरायची. आता प्रत्येकीच्या टेबलावर वाटी आली, आणि जेवणाआधी हात धुवायला साबण व दहा मिनिटं सुट्टी.

एप्रिलमध्ये पुन्हा गेले तेव्हा ग्रेडिंगच्या कागदावर घशाच्या टिकल्या तुरळक होत्या, डोळ्यांच्या जवळजवळ नव्हत्या. मालक खूश. मी त्यांना जूनची आठवण करून दिली. पावसाळ्यात मतलई-खाऱ्याचा खेळ संपतो, वारा दिवसभर पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून, आणि टरफलंही ओली. तेव्हा पहाटेची भट्टी उपयोगाची नाही. धुराडं छपराच्या वर चांगलं उंच न्यावंच लागेल. त्यांनी कुडाळच्या फॅब्रिकेटरला माप घ्यायला बोलावलंय.

निघताना ती मांडीवर टिकली लावणारी बाई फाटकाशी भेटली. "त्येंचो धूर गेलो. आमच्या पायाचा काय?" पॅडल आलटून पालटून दोन्ही पायांनी मारता येईल असं करता येतं का, ते बघायला पुढच्या खेपेला मी कटर दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रीला सोबत नेणार आहे.