ओपुवोच्या पुढचा रस्ता

आजचा अख्खा रविवार जेवणाच्या टेबलावर नामिबियाचा नकाशा पसरण्यात गेला. एतोशा राष्ट्रीय उद्यान आणि सोसुसव्लेईच्या लाल वाळूच्या टेकड्या बहुतेक प्रवासी पाहतातच. आम्हाला मात्र वायव्य कोपऱ्यातले, अंगोलाच्या सीमेवरून वाहणाऱ्या कुनेने नदीच्या दक्षिणेचे काओकोलँड ओढ लावते आहे.

ओपुवो हे तिथले मुख्य गाव सोडले की पुढे इंधनाचा भरवसा नाही, म्हणून टाकी आणि जादा कॅन तिथेच काठोकाठ भरून घ्यायचे आहेत. व्हॅन झिल्स पास हा खडकाळ उतार फक्त पूर्वेकडून पश्चिमेकडे उतरायचा असतो. एकदा खाली मारिएनफ्लूसच्या गवताळ खोऱ्यात पोहोचले की परतीला वेगळा रस्ता धरावा लागतो. नकाशावर मी तो पेन्सिलने दोनदा गिरवला, तेव्हा पत्नीने शांतपणे विचारले, ‘‘तिथे आपली एकच गाडी असणार का?’’ प्रश्न रास्त होता. दोन गाड्या असल्याशिवाय त्या उतारावर जायचे नाही, असे आम्ही तिथल्या तिथे ठरवले.

पावसाळ्यात कोरड्या नद्यांना अचानक पूर येतात, त्यामुळे जून महिना नक्की केला. वाळूत टायरमधली हवा कमी करावी लागते, म्हणून पंप हवाच. खडीच्या मैदानांवर चाकांचे ओरखडे कित्येक दशके मिटत नाहीत. मळलेली वाट सोडून गाडी घालायची नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. हिंबा या तिथल्या पशुपालक जमातीच्या वस्तीत आधी विचारूनच पाऊल टाकायचे. पाण्याचा हिशेब मात्र अजून व्हायचा आहे.