तुम्ही विचारलंत म्हणून: बिटकॉइनच्या जुन्या मशिनांतून किती पैसे सुटतात?

मोटर बांधायला टाकून गिऱ्हाईक बसतं. चहा येईपर्यंत नजर इकडेतिकडे फिरते, काउंटरमागच्या फळीवर जाते आणि मग येतोच प्रश्न, "हे काय ठेवलायसा?" बिटकॉइन नावाचं संगणकावरचं नाणं काढायची जुनी मशिनं, म्हटलं की समोरच्याचा आवाज एकदम खाली येतो. "किती सुटतात ह्यातून?" कन्नडमध्ये विचारणारे आहेत, हिंदीत विचारणारे आहेत. पुण्याहून आलेल्या माझ्या मेहुण्यानं तर आधी दार ओढून घेतलं होतं.

काही सुटत नाही. चालू केली तर उलटे जातात. एवढं सांगून कुणाचं समाधान होत नाही असा अनुभव आहे, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो.

बेळगावच्या उद्यमबागेत माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. जळकं तांबं साठलं की पंधरवड्यानं गुजरीत नेऊन घालायचं, हा जुना शिरस्ता. कोल्हापूरकडच्या मंडळींनी इथं जरा थांबावं. तुमची गुजरी म्हणजे सराफांचा बाजार. आमची गुजरी कन्नडमधनं आलेली, तिचा अर्थ भंगार. माझी बायको गडहिंग्लजची. लग्न ठरल्यानंतर फोनवर मी सहज म्हणालो, "रविवारी गुजरीत गेलो होतो," तर बाई आठवडाभर खुशीत होत्या.

त्या गुजरीतच पहिलं मशीन भेटलं. दोन डबे बसतील एवढी अ‍ॅल्युमिनियमची पेटी, पुढं-मागं एकेक पंखा. दुकानदार स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसला होता; आतल्या हीटसिंका, म्हणजे चिपा गार ठेवणाऱ्या पट्ट्या, काढून अ‍ॅल्युमिनियम वेगळं, बोर्ड वेगळे असा त्याचा हिशेब चालला होता. मी हात धरला. तो म्हणाला, "इदन्न तगोंड एन माडतीरी, सावकार?" घेऊन करणार काय, ते मलाही माहीत नव्हतं. नऊशे रुपयांना सौदा झाला.

ते निघालं बिटमेन ह्या चिनी कंपनीचं अँटमायनर एस९, २०१६ साली बाजारात आलेलं मॉडेल. वरचं झाकण सरकवलं तर आत तीन बोर्ड, एकेका बोर्डावर ६३ चिपा, सगळ्या मिळून १८९. आणि हीटसिंकांच्या पात्यांमध्ये गच्च भरलेला जांभळ्या तंतूंचा भुगा. रेशमी धाग्याचा, मागावर उडतो तो. म्हणजे हे यंत्र वडगाव-शहापूरकडच्या कुठल्या तरी मागाच्या शेडमध्ये नांदलेलं होतं. पंखे हवा ओढत राहिले आणि हवेबरोबर साडीही आत गेली. मी तो भुगा आजवर काढलेला नाही. बाकी धूळ ब्लोअरनं उडवली, तेवढा ठेवला.

आता हे यंत्र करतं काय? एकच काम. समोर आलेल्या मजकुराचा एसएचए-२५६ नावाच्या रीतीनं दोनदा ठसा काढायचा (ठसा म्हणजे मजकुरावरून निघणारा एक लांबलचक आकडा, इंग्रजीत हॅश), ठसा ठरलेल्या हद्दीखाली आला का बघायचं, नाही आला तर मजकुरातला एक आकडा बदलून पुन्हा काढायचा. सेकंदाला साडेतेरा लाख कोटी वेळा. जगात ज्याचा ठसा आधी बसेल, त्याचा व्यवहारांच्या नोंदींचा गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, मान्य होतो आणि त्याच्या नावावर नवे बिटकॉइन. ह्यालाच मायनिंग म्हणतात. यंत्रं वाढली म्हणून नाणी भराभर निघत नाहीत. दर २०१६ ब्लॉकांनी, म्हणजे साधारण पंधरवड्यानं, हद्द पुन्हा ठरते आणि सरासरी दहा मिनिटांना एक ब्लॉक हे प्रमाण राखलं जातं. शेजाऱ्यानं जोरकस यंत्र आणलं की तुमचं यंत्र जागच्या जागी दुबळं होतं, त्याचा एक स्क्रूसुद्धा ढिला न होता.

माझं मन अडकलं ते इथं. आमच्याकडे येणारी मोटर जळून येते. बेअरिंग गेलेलं असतं, पाणी शिरलेलं असतं, कुणी तरी दोन फेजवर चालवलेली असते. मेली कशानं ते हाताला कळतं. माझ्या शेजारच्या शेडमधला लेथ माझ्या वडिलांच्या उमेदीतला आहे आणि अजून रोज बुश कातून मालकाचं घर चालवतो. मागावर लुगडं खपेना झालं तर दुसरं काही विणता येतं. ह्या पेटीला तसं काही नाही. धडधाकट आहे, तिन्ही बोर्ड चालतात, पंखे ठणठणीत, आणि तरी गुजरीत. आणि त्या १८९ चिपांना दुसरं कुठलंच काम शिकवता येत नाही. गाणं लावा म्हटलं तर नाही, साधी बेरीज सांगा म्हटलं तर तीही नाही.

हिशेब मागणाऱ्यांसाठी हिशेब. एस९ तासाला सुमारे १.३५ युनिट खातं, दिवसाला ३२. सात रुपये युनिट धरा, सव्वादोनशे रुपये झाले. एप्रिल २०२४ पासून एका ब्लॉकला ३.१२५ बिटकॉइन मिळतात, जगभर दिवसाला साडेचारशे. त्या वर्षी सगळ्या जगाची मिळून ताकद ६०० एक्झाहॅशच्या आसपास होती (एक एक्झाहॅश म्हणजे सेकंदाला दहा लाख लाख कोटी ठसे). त्यातला एका एस९चा वाटा काढला, तर तेव्हाचा बिटकॉइन साठ लाखांचा धरूनही दिवसाचे साठ रुपये यायचे. नवं एस२१ तेवढ्याच कामाला ह्याच्या पाचव्या हिश्श्याहून कमी वीज घेतं. त्याच्यापुढं ह्यानं काय टिकायचं?

तरी एका ऑगस्टमध्ये मी ते घरी चालवलं. झड लागली होती, पोराचा युनिफॉर्म चार दिवस वाळत नव्हता. मागच्या खोलीत मशीन ठेवलं, समोर दोरी बांधली. एवढी वीज खाल्ल्यावर ती सगळी उष्णता होऊनच बाहेर पडणार ना! पाऊण तासात शर्ट खडखडीत. पण पंखे असे ओरडतात की शेजारच्या काकू भिंतीपलीकडून म्हणाल्या, "घरात गिरण घातलास काय रे?" आईनं मात्र मीटरकडं बोट दाखवलं. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत घराच्या ठरलेल्या वापरापर्यंत बिल माफ, दोनशे युनिटच्या वर गेलं की सगळंच भरायचं. हा गडी एकटा सहाएक दिवसांत दोनशे संपवतो. त्या दिवशी संध्याकाळीच पेटी परत दुकानात आली.

मग नाद लागला. फळीवर आज एक एल३ प्लस आहे. ते लाइटकॉइन ह्या दुसऱ्या नाण्याचं; त्याच्यावर डॉजकॉइन हे नाणंही निघतं, म्हणून २०२१ मध्ये डॉजकॉइन वर गेला तेव्हा अडगळीतली ही मशिनं लोकांनी परत बाहेर काढली होती. हीटसिंका उपटलेला एक बोर्ड फोटोसारखा भिंतीला लावलाय. मायनिंगसाठी जोडलेल्या सहा ग्राफिक कार्डांच्या एका रिगची अँगलची चौकटही मिळाली होती. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम ह्या आणखी एका नाण्यानं मायनिंगच बंद केलं, त्यानंतरची. कार्डं मालकानं आधीच विकलेली. ती मी तशीही घेतली नसती, त्यांच्यावर पोरं गेम खेळतात, त्यांना नशीब आहे. चौकटीवर आता आईच्या कुंड्या आहेत. एस१ मात्र अजून हाती लागलेलं नाही. २०१३ अखेरचं, उघड्या बोर्डांचं, फक्त १८० गिगाहॅशचं, म्हणजे सेकंदाला अठरा हजार कोटी ठशांचं. कुणाच्या माळ्यावर असेल तर सांगा, भंगाराच्या भावापेक्षा जास्त देईन.

दोन वर्षांमागं एक पोरगा तीन फेजची मोटर घेऊन आला. फळीकडं बघून गप्पच झाला. मग म्हणाला, "तो जांभळा आमच्या मागावरला." २०१७ च्या डिसेंबरात, भाव चढलेला असताना, दीड लाखाच्या घरात त्यानं ते घेतलं होतं. पुढच्या एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना ह्या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं, भाव तर आधीच घसरायला लागला होता. सुप्रीम कोर्टानं ते परिपत्रक मार्च २०२० मध्ये उठवलं, तोवर ह्याची पेटी गुजरीत पोचली होती.

"कितीला घेतलासा?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण बोललो नाही. "नऊशे."

तो हसला नाही, चिडलाही नाही. "चालतंय काय?" मी पॉवर सप्लायच्या वायरी लावल्या, एकेका बोर्डाला तीन, कंट्रोलरला एक, अशा दहा. बटण दाबल्याबरोबर दोन्ही पंखे पुऱ्या जोरात सुटले. दुकानातली बिलं उडाली. पोरगा कान देऊन उभा राहिला. मोठ्यानं म्हणाला, "ह्या आवाजात झोप यायची न्हाई. बंद पडला की त्याहून यायची न्हाई." मग मीच बंद केलं. मोटरचे पैसे त्यानं पुरे दिले, मी कमी घेतो म्हणालो तरी. पेटी घेऊन जा म्हटलं, तर घाईघाईनं नको म्हणाला.

माझ्याकडं चालू असतं ते एकच. पेन ड्राइव्हएवढं, पाठीवर हीटसिंक असलेलं ब्लॉक इरप्टर, २०१३ सालचं. ते निघालं तेव्हा भावही बिटकॉइनमध्येच सांगायचे, एका नगाला जवळपास दोन बिटकॉइन. पुढचं बोलायला नको. सेकंदाला ३३३ मेगाहॅश, म्हणजे तेहेतीस कोटी ठसे, वीज अडीच वॅट. रास्पबेरी पाय नावाच्या एका जुन्या छोट्या संगणकाला जोडून गणपतीच्या फोटोखाली ठेवलंय, दोघांची मिळून रोजची वीज रुपयाचीही होत नाही. बोट लावलं तर चटका बसतो, हिवाळ्यात सकाळी मी त्याच्यावर बोटं शेकतो. २०२४ च्या ताकदीच्या हिशेबानं त्याला एकट्याला ब्लॉक लागायला सरासरी ३ कोटी ४० लाख वर्षं लागतील.

आई रोज उदबत्ती लावताना विचारते, "लागलं काय रे?" मी म्हणतो, अजून नाही.