पाणसळीचा बुडबुडा

डेन्व्हरहून दोनेक तासांवर, रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात मोरेन पार्क नावाचं कॅम्पग्राउंड आहे. मोरेन म्हणजे हिमनदीने ओढत आणून टाकलेली दगडमाती. अशा जमिनीवर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर, उभा केला की एक बाजू बहुतेक खाली जातेच.

या वेळी साताऱ्याहून आई-बाबा आले होते, रात्री झोपणार होते ट्रेलरमध्येच. मी फरशीवर पातळी बघायची पाणसळ ठेवली. आजोबा गवंडी होते, त्यामुळे इथल्या दुकानात ‘लेव्हल’ मागितली तरी माझ्यासाठी ती पाणसळच. बुडबुडा डावीकडे सरकला, म्हणजे उजवी बाजू खाली.

पहिल्या सहलीत मी चार कोपऱ्यांचे जॅक फिरवून ट्रेलर उचलायला गेले होते. दार चौकटीत अडकायला लागलं, तेव्हा कळलं. ते जॅक फक्त डुलणं थांबवतात. वजन पेलायचं ते चाकांनी आणि पुढच्या जॅकने. कोपऱ्यावर जोर दिला तर सांगाडा पिळतो.

म्हणून आधी आडवी पातळी, आणि तीही ट्रेलर गाडीला जोडलेला असतानाच. उजव्या दोन्ही चाकांपुढे इंचभर जाडीच्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांचे दोन थर चढणीसारखे रचले. नवऱ्याने गाडी हळूहळू पुढे घेतली, बुडबुडा मध्यावर आल्यावर मी हात वर केला. बाबांनी न सांगताच चाकांना पुढून-मागून उटी, म्हणजे चाक अडवणारे ठोकळे, लावली. “आम्ही घाटात दगड लावायचो,” म्हणाले. उटी पक्की बसल्याशिवाय हिच, म्हणजे गाडी आणि ट्रेलरमधली जोडणी, सोडायची नाही, हे मी प्रत्येकाला बजावून सांगते; उतारावर सुटलेला ट्रेलर माणसाच्या हाताने थांबत नाही.

हिच सोडल्यावर पुढचा जॅक फिरवून लांबीची पातळी साधली. शेवटी कोपऱ्यांचे जॅक, खाली फळ्या टाकून, नीट टेकतील इतपतच.

एवढी खटपट फक्त झोपेसाठी नाही. आमचा फ्रिज गॅसवर चालतो, त्यात कॉम्प्रेसर नाही. उष्णतेने अमोनियाची वाफ वर जाते आणि पुढे द्रव उतारानेच खाली परततो. ट्रेलर फार कलता राहिला तर तो मध्येच तुंबतो, आणि असं वारंवार झालं तर फ्रिज कायमचा बाद होऊ शकतो.

बाबा गुडघ्यावर हात ठेवून पायरी चढले, ट्रेलर हलला नाही. आईने थालीपीठ लावलं, मधल्या भोकात तेल सोडलं. ते तिथेच राहिलं.