खालच्या वाफ्यातली थंडी

पँगोला गवताचं पान पहाटे पोटात काय घेऊन उठतं, हा प्रश्न मला गेल्या महिन्यापर्यंत कधी पडलाच नव्हता. बारा वर्षं मी चाऱ्याच्या गवतांवर काम करते आहे. दुपारची पानं शेकडो वेळा तपासली, संध्याकाळचीही तपासली. पहाटेचं एकही नाही.

आमच्या प्रयोगक्षेत्रावर पँगोला, गिनी, ऱ्होड्स आणि नेपिअर अशी चार गवतं आहेत. जमीन उताराची आहे. दर ३५ दिवसांनी एक चौरस मीटरची चौकट टाकायची, बुडखा १० सेंटिमीटर ठेवून कापायचं, तोलायचं आणि नमुना ७० अंशांवर दोन दिवस वाळवायचा. हिरव्या वजनावर भरवसा ठेवायचा नसतो. त्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, वर दव असेल तर आणखी. वाळल्यावर उरतं तेच गवताचं खरं वजन.

या थंडीत उताराच्या तळाशी असलेल्या वाफ्यांतला पँगोला थांबला. वाढ कमी होणं आम्हाला ओळखीचं आहे, पण हा अक्षरशः थांबला. ३५ दिवसांनी कापणीला गेलो तर चौकटीत मूठभरसुद्धा नवं गवत नव्हतं. वरच्या वाफ्यांत त्याच बेण्याचा, त्याच दिवशी लावलेला पँगोला बऱ्यापैकी फुटला होता.

बैठकीत एका सहकाऱ्याने पहिल्या पाच मिनिटांत निदान केलं: सखल भाग आहे, पाणी साचतं, मुळं गुदमरतात. आमच्याकडे सखल भागात काहीही बिघडलं की निचऱ्यावर ढकलायची सवय आहे. मुळं उकरून कुणी पाहिली नाहीत, मीही नाही. त्या वाफ्यांचं पाणी तोडलं. मला पानं फिकट, कडेला लालसर दिसत होती, म्हणून मी नत्र कमी पडतंय असं ठरवलं आणि युरियाचे दोन हप्ते द्यायला सांगितले. दोन्ही हप्त्यांच्या नोंदीखाली माझी सही आहे.

थंडीचं नाव कुणीच घेतलं नाही, कारण वहीत किमान तापमान १४ अंश होतं. ही गवतं ऊस-मक्याच्या पंगतीतली, ज्यांना सी-४ म्हणतात त्यातली. ३० ते ३५ अंशांत ती जोमात असतात, १५च्या खाली मंदावतात. पण मंदावणं म्हणजे थांबणं नव्हे. वाढीचा अंदाज आम्ही अंशदिवसांनी काढतो, म्हणजे दिवसाच्या सरासरी तापमानातून पायाचं तापमान, ज्याच्या खाली वाढ होत नाही असं धरतात ते, वजा करायचं. दुपारी २९, पहाटे १४, सरासरी साडेएकवीस. पाया १२ धरला तर रोज साडेनऊ अंशदिवस जमा. या हिशेबाने गवत हळू का होईना, वाढायलाच हवं होतं.

मग कापणीचा क्रम लावताना कापणी करणाऱ्या मावशींशी बोलणं झालं. मी सहज विचारलं, "मावशी, खालचे वाफे नेहमी शेवटी का घेता?"

"बाई, सकाळी तिथं बोटं वळत नाहीत. विळा हातातून सुटतो. ऊन आल्यावरच उतरतो आम्ही."

"वर नाही होत असं?"

"वर कुठं? वर नुसता गारवा. खाली मात्र पाय बधिर."

तीन हंगाम त्या हे अंगावर घेत होत्या आणि आमच्या एकाही तक्त्यात त्याला रकाना नव्हता. कापणी करणाऱ्या बायकांना आपण वजनं विचारतो, दुसरं काही विचारत नाही. याचा मला राग येतो, आणि त्या रागात मीही आले.

आमचा तापमापी झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरवर, उताराच्या माथ्याशी आहे. नियमाने तो तसाच हवा, हवेचं तापमान तसंच मोजतात. पण पँगोला सव्वा मीटरवर राहत नाही. तो जमिनीला धरून धावतो आणि त्याचे डोळे, जिथून नवी फूट येते, ते मातीपासून चार बोटांच्या आत असतात. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते. तिला लागून असलेली हवा थंड होते, जड होते आणि पाण्यासारखी उताराने खाली वाहते. आमच्या तळाशी दाट झाडांचं कुंपण आहे, वाऱ्यापासून गवताला आडोसा म्हणून आम्हीच लावलेलं. ती हवा तिथे अडते आणि रात्रभर तुंबून राहते.

त्याच संध्याकाळी दोन किमान-तापमापी वर आणि खाली, गवताच्या शेंड्यांच्या उंचीवर आडवे ठेवले. पहाटे साडेपाचला बॅटरी घेऊन गेले. पेटीत १४. वरच्या वाफ्यात १२. खालच्या वाफ्यात ७. मी तापमापी न हलवता दोनदा वाचला आणि तिथेच दवात उकिडवी बसून राहिले.

रात्रीत पानातला स्टार्च किती उतरला हे बघायला अंधारातच दोन्हीकडची पानं खुडली. सूर्य उगवायच्या आत खुडणं महत्त्वाचं, नाहीतर पान नवा स्टार्च करायला लागतं आणि रात्रीचा पुरावा झाकला जातो. आदल्या संध्याकाळचीही पानं घेऊन ठेवली होती. पानं उकळत्या पाण्यात बुडवायची, मग गरम अल्कोहोलमध्ये त्यांचा हिरवा रंग उतरवायचा (भांडं गरम पाण्यात ठेवून, आचेवर कधीच नाही), धुवायची आणि वर स्टार्चला काळं करणारं आयोडीन. शाळेतला प्रयोग आहे. साधा, पण गवताच्या पानावर तो सुंदर उठतो. सी-४ गवतात स्टार्च पानभर पसरत नाही, शिरांभोवतीच्या पेशींच्या वेढ्यात साठतो. त्यामुळे डाग पडत नाहीत. भिंगाखाली काळ्याभोर समांतर रेघा उमटतात, वहीच्या आखीव पानासारख्या.

संध्याकाळच्या दोन्ही पानांवर रेघा होत्या. वरच्या वाफ्याचं पहाटेचं पान जवळजवळ कोरं, पिवळट. खालच्या वाफ्याचं पहाटेचं पान काळं. रात्रभरात त्यातलं काहीच हललं नव्हतं.

दिवसा पान स्टार्च साठवतं, रात्री त्याची साखर करून खाली डोळ्यांकडे आणि मुळांकडे पाठवतं. १९७० साली हिलियर्ड आणि वेस्ट यांनी नेमक्या पँगोलावर हे दाखवून दिलं होतं: दिवस उबदार ठेवला पण रात्र १० अंशांची दिली, तर स्टार्च हरितलवकांत, म्हणजे पानाच्या पेशींतल्या हिरव्या कणांत, अडकून राहतो आणि वाढ खुंटते. मी हे शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. भरल्या कोठारात दुसऱ्या दिवशी माल ठेवायला जागा नसते, म्हणून दुपारी २९ अंश आणि लख्ख ऊन असूनही पान काम आखडतं. ७ अंश धरून अंशदिवस पुन्हा काढले तरी रोज सहा येतात. सूत्र म्हणतं, वाढ दोन तृतीयांश व्हायला हवी. चौकटीत मूठभरही नव्हती. सरासरीत दुपारची ऊब पहाटेची भरपाई करते, गवतात करत नाही.

उलट टोकाला, कडक उन्हाळ्यात हीच गवतं झपाट्याने वाढतात, पण उष्णतेने त्यांच्यात लिग्निनही, म्हणजे काडी कडक करणारा न पचणारा भाग, झपाट्याने भरतं आणि पाचकता घसरते. ढीग मोठा, जनावराच्या पोटाला कमी. चाऱ्यात वाढ आणि कस एकाच दिशेने चालत नाहीत, हे मला दरवर्षी कुणाला तरी नव्याने समजावावं लागतं.

पाणी तोडण्याचा निर्णय आता आठवला की अस्वस्थ होते. ओली माती दिवसाची उष्णता जास्त साठवते आणि रात्री सावकाश सोडते. कोरडी, भुसभुशीत माती लवकर गार पडते. निचऱ्याच्या नावाखाली आम्ही त्या वाफ्यांचं पांघरूण काढून घेतलं होतं.

पण त्या दिवशी पाय खरे गळाले ते युरियाच्या आठवणीने. वाढत नसलेल्या गवताला मी दोनदा नत्र दिलं होतं. गवत नत्र उचलतं आणि वाढ असेल तर त्याची प्रथिनं करतं. वाढ थांबली की ते नायट्रेटच्या रूपात खोडाच्या बुडाशी साठू शकतं. जनावराच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं, ते रक्तात गेलं की रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही आणि तपकिरी पडतं. खालच्या वाफ्यांतलं गवत थोडं असलं तरी त्यांच्या कडेचं गवत दर आठवड्याला गोठ्यात जात होतं.

डायफिनिलअमाइनचं द्रावण काढलं, नायट्रेट भेटलं की ते निळं होतं. ते तीव्र गंधकाम्लात असतं, हात सांभाळून वापरावं लागतं. काडी उभी चिरून बुडाशी थेंब टाकला. वरच्या वाफ्याची काडी फिकट राहिली. खालच्या वाफ्याची काही सेकंदांत गडद निळी झाली. कडेच्या गवतातल्या दहा काड्यांपैकी सहा निळ्या.

मी धावत गोठ्यात गेले आणि गव्हाणीतला तो चारा बाहेर काढायला लावला. गायी ठीक होत्या. त्यांना तो वाळल्या चाऱ्यात मिसळून, थोडाथोडा मिळत होता, म्हणून. तिथल्या माणसाने विचारलं, "मॅडम, चाऱ्याला काय झालं? हिरवागार तर आहे." मी त्याला काडी चिरून निळा रंग दाखवला. तेव्हापासून तो प्रत्येक भाऱ्याबद्दल विचारतो, आणि मला ते आवडतं.

खालच्या वाफ्यांचं पाणी सुरू केलं आहे, युरिया बंद. कुंपणाच्या तळाच्या फांद्या छाटून थंड हवेला वाट करायला सांगितलं आहे. ते काम अजून मंजुरीत अडकलंय. मागच्या तीन थंड्यांच्या आकड्यांवर खुलाशाची टीप जोडा असं मी लेखी दिलं, तर उत्तर आलं की पुढच्या वार्षिक अहवालात बघू. त्या आकड्यांवरून पँगोला सखल जमिनीला चालत नाही अशी शिफारस गेलेली आहे. ती कुणीतरी वाचून पँगोला उपटलाही असेल. हे मला रात्री सुचतं आणि झोप जाते.

खालचा तापमापी आता मावशीच वाचतात. काल १० होता, आज साडेअकरा. वहीत त्यांनी आकड्याशेजारी स्वतःहून एक शब्द लिहायला सुरुवात केली आहे. काल "बधिर" होता. आज "बोटं वळली".